टाळ कुणाच्या हातात?



अलीकडच्या सप्ताहाच्या पत्रिका जरा नीट वाचून पाहा. वरचा क्रम जुनाच असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, सायंकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर हरिजागर. पण पत्रिकेच्या खालच्या भागात आता एक नवी चौकट आलेली दिसेल: 'भव्य भक्तिसंगीत रजनी'. तिच्यातला फोटो पांडुरंगाच्या फोटोहून मोठा, तिची अक्षरे कीर्तनकारांच्या नावाहून जाड. ही रजनी बहुधा एखाद्या रात्रीच्या कीर्तनाची जागा घेऊन बसलेली असते. गावची पट्टी कशावर खर्च झाली हे विचाराल, तर मंडप आणि महाप्रसादाच्या जोडीने हिचेच नाव पुढे येते.

ही रजनी ऐकून आपण घरी जाता तेव्हा आपल्या पदरात काय पडलेले असते? छातीत धडधड, कानात घूंऽऽ असा आवाज आणि मनात एक रितेपण. शेजारी विचारतो, 'कसा झाला कार्यक्रम?' आपण म्हणतो, 'मोठा झाला.' चांगला झाला असे म्हणायला जीभ उचलत नाही. गावोगाव हे उत्तर ऐकू येते. ते कुणी उघड बोलत नाही, कारण देवाचे नाव घेऊन झालेल्या कार्यक्रमाला नावे ठेवणे पाप वाटते. माझे म्हणणे असे की, ते बोललेच पाहिजे. देवाच्या नावावर सुमार वस्तू खपते ती याच भिडेमुळे.

आधी त्या रात्रीचे स्वरूप पाहू. पत्रिकेत आठची वेळ असते, कार्यक्रम साडेनवाला सुरू होतो. मधल्या वेळात 'हॅलो, हॅलो, चेक' चालते. मग निवेदक येतो आणि टाळ्या मागतो. टाळ्या कमी पडल्या तर 'पंढरीला आवाज गेला पाहिजे' म्हणून पुन्हा मागतो. पहिला अभंग सुरू होतो, आणि त्याचा एकही शब्द कळत नाही. ढोलाचा दणका अक्षरांवर बसलेला असतो. गायकाच्या आवाजाला यंत्राने इतका घुमारा दिलेला असतो की एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडतो. दुसऱ्या अभंगानंतर सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, मग ज्यांनी देणगी दिली त्यांचे सत्कार, मग जे येणार होते आणि आत्ता पोहोचले त्यांचे. तिसऱ्या अभंगापर्यंत म्हातारी माणसे उठलेली असतात, लेकरे झोपलेली असतात आणि पुढची तरुण मंडळी मोबाईल उंच धरून चित्रण करत असतात. जे समोर घडते आहे ते डोळ्यांनी पाहायलाही त्यांना उसंत नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे या. अभंगाचे काय होते ते लक्ष देऊन ऐका. धृपद दहा वेळा येते, एखादे कडवे येते, आणि टाळ्यांच्या गजरात अभंग संपतो. शेवटचा चरण बहुतेक वेळा येतच नाही. माउली, शेवटच्या चरणात काय असते हे आपल्याला मी सांगायला नको. तिथे संतांची नाममुद्रा असते. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' असे म्हणून संत तिथे आपला शब्द आपल्या नावावर घेतात. अभंगाचा सिद्धान्त बहुधा त्याच चरणात असतो. पत्राची सही फाडून टाकावी आणि पत्र वाचून दाखवावे, तसे हे आहे. कीर्तनात पहिल्या चरणापासून शेवटच्या चरणापर्यंत निरूपण होते. दोन तास एकाच अभंगाला दिलेले असतात, आणि तरी वेळ कमी पडतो. रजनीत दोन तासांत बारा अभंग होतात आणि एकही पुरा होत नाही.

शिवाय ते बारा कोणते? आपल्या तुकोबारायांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. त्यात नामदेवराय, एकनाथ महाराज, जनाबाई, चोखोबा, सोयराबाई, सावतोबा, सेनामहाराज, बहिणाबाई मिळवा. एवढे मोठे भांडार असताना गावोगावी तेच दहा-बारा अभंग त्याच चालीत, त्याच क्रमाने ऐकू येतात, कारण तेवढेच लोकांच्या मोबाईलमध्ये आहेत. ज्यात तुकोबारायांनी दांभिकाला फटकारले, ज्यात चोखोबांनी देवाला जाब विचारला, ते अभंग या मंचावर सहसा येत नाहीत. ते आले तर पहिल्या रांगेतले सत्कारमूर्ती अवघडतील.

काही ठिकाणी तर गाणेही त्या वेळी गायलेले नसते. वाद्यांचा मेळ आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यावर गायक आवाज मिसळतो. पखवाज म्हणून जो ऐकू येतो तो एका पट्टीसारख्या यंत्रावर काडी मारून काढलेला असतो. मूळचा पखवाज कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी वाजवलेला, त्याचा नुसता आवाज त्या पेटीत भरून ठेवलेला. आणि मंचाच्या कोपऱ्यात गावचाच पखवाजवादक, धुमेला ताजी कणीक लावून, तासभर आधी पखवाज सुरात लावून बसलेला असतो. त्याच्यापुढचा ध्वनिक्षेपक बंद असतो. असे एका गावात मी डोळ्यांनी पाहिले. त्याला बसवले होते ते फोटोत वारकरी बाज दिसावा म्हणून. त्या माणसाने कार्यक्रम संपेपर्यंत हात थांबवला नाही. त्याचे बोल एकट्या पांडुरंगाने ऐकले असतील.

यावर आपल्यातले काही समजूतदार लोक तीन उत्तरे देतात. ती तिन्ही मी येथे मांडतो, कारण ती टाकाऊ नाहीत.

पहिले उत्तर असे, की काळ बदलतो, वाद्ये बदलतात. हे खरे आहे. पेटी काही नामदेवरायांच्या काळी नव्हती. ती परदेशातून आली आणि आपली झाली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली, ती पुढे तीस वर्षे टिकली. त्या बंदीने पेटीचे काही बिघडले नाही. तेव्हा नव्या वाद्याला केवळ नवे म्हणून विटाळ मानण्याचे कारण नाही. पण पेटी आली ती गाणाऱ्याच्या गळ्यामागे चालायला आली. गजराला रंग चढला की पेटीवाला त्या रंगाबरोबर पुढे जातो, बुवा थांबले की थांबतो. आधी भरून ठेवलेला मेळ थांबत नाही. समोर कुणाचे डोळे भरून आले, कुणी पावलीला उभे राहिले, विठ्ठलनामाचा गजर आणखी दहा वेळा व्हावा असे सगळ्यांना वाटले, तरी साडेचार मिनिटे झाली की तो संपतो. वाद्य जुने की नवे हा प्रश्नच नाही. ते समोरच्या माणसासाठी थांबते का, एवढेच विचारा.

दुसरे उत्तर असे, की मोठमोठ्या गायकांनीही अभंग मंचावरूनच गायले. तेही खरे. पंडित भीमसेन जोशींनी 'संतवाणी' घराघरांत पोहोचवली. जितेंद्र अभिषेकीबुवा, किशोरीताई आमोणकर यांच्या अभंगांनी ज्याचे डोळे ओलावले नाहीत असा रसिक विरळा. त्यांचे ऋण आपण मानतो आणि मानलेच पाहिजे. पण त्यांनी मैफलीला मैफल म्हटले. ज्याला ऐकायची होती तो तिथे गेला. मागे वर्षानुवर्षांची साधना होती, शब्द स्पष्ट होता, आणि मंचावर तंबोरा, पेटी, तबला, पखवाज, टाळ ही सगळी माणसांच्या हातात होती. माझी तक्रार मैफलीविरुद्ध नाही. कीर्तनाच्या रात्री, कीर्तनाच्या जागी, गावाने कीर्तनासाठी दिलेल्या पट्टीतून सुमार मैफल उभी करायची आणि तिला हरिनामाचा सोहळा म्हणायचे, याविरुद्ध आहे.

तिसरे उत्तर सगळ्यांत जोराने दिले जाते: 'यामुळे तरुण पोरे येतात.' येतात, हे मी पाहिले आहे. आता आपण एवढेच पाहा की दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला त्यांतली किती येतात. पहाऱ्याला वीणा घ्यायला किती पुढे होतात. रजनीला आलेले पोर रजनीसाठी आलेले असते. रजनी गेली की तेही जाते. आणि जी पोरे खरोखर येऊ पाहतात त्यांचे आपण काय करतो? १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा तिथला अभ्यासक्रम. पाठांतर, ज्ञानेश्वरी, गाथा, भजन, सगळे तिथे शिकायचे. त्या वाटेने गेल्या शंभर वर्षांत किती कीर्तनकार, गायक, मृदंगाचार्य गावोगाव पोहोचले याची मोजदाद नाही. आजही आळंदीच्या गल्ल्यांतून पहाटे पखवाजाचे बोल ऐकू येतात. खेड्यापाड्यांतली, शेतकरी-शेतमजुरांची पोरे माधुकरी मागून, मिळेल त्या खोलीत राहून शिकतात. ती शिकून गावी परततात तेव्हा गावाकडे त्यांना द्यायला पैसे नसतात. पखवाजाला नवी पुडी घालायला पैसे नसतात. भिंतीएवढ्या कर्ण्यांना मात्र असतात. तरुण आले पाहिजेत असे म्हणणाऱ्यांनी आधी या आलेल्या तरुणांकडे पाहावे.

माउली, इथपर्यंत आपण मान डोलावली असेल. आता जे सांगतो ते कदाचित आवडणार नाही. हा दोष गायकाचा फार थोडा आहे. तो पोटासाठी गातो, मागणी तसा पुरवठा करतो. त्याच्याकडे दोन तास मृदू आवाजात गाण्याची तयारी असली, तरी आयोजक त्याला 'जरा उडते घ्या' म्हणतो. आणि आयोजक तसे म्हणतो, कारण आपण शेजारच्या गावाला विचारतो, 'तुमच्याकडे किती मोठी पार्टी आणली होती?' कीर्तनाचे मोल मंडपाच्या आकारावर आणि बिदागीच्या आकड्यावर करायला आपणच शिकलो. तुकोबारायांनी कीर्तनाचा मोबदला म्हणून साधा पाहुणचारही घेऊ नये असा दंडक सांगितला. द्रव्य घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही त्यांनी दोषी धरले. आपण तो दंडक घेणाऱ्यांना ऐकवतो आणि देणाऱ्याचा भाग सोयीने विसरतो.

खरे नुकसान कुठे होते ते पाहा. दिंडी आठवा. टाळकऱ्यांच्या दोन रांगा असतात, त्या एकमेकांकडे तोंड करून उभ्या असतात. मध्ये वीणेकरी आणि मृदंगाचार्य. पुढे पताका, मागे डोईवर तुळस घेतलेल्या आयाबहिणी. या रचनेत प्रेक्षक कुठे आहे? नाहीच. जो आला त्याच्या हातात टाळ दिला जातो. टाळ नसेल तर टाळी, टाळी नसेल तर ओठावर नाम. ज्याचा सूर बरा नाही तोही चालतो, कारण शेजारच्याच्या सुरात त्याचा सूर झाकला जातो आणि दोन मैलांत सुधारतोही. तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी होते असे परंपरा सांगते. त्यांत तेली होते, ब्राह्मण होते. ते ऐकायला आलेले नव्हते, धृपद उचलायला उभे होते. आपल्या संप्रदायाची कमाई हीच आहे. ज्याला वेद ऐकण्याचाही अधिकार नाकारला होता, त्याच्या हातात टाळ आला आणि त्याच्या तोंडी अभंग आला.

रजनी हा टाळ काढून घेते. मंच उंच, त्यावर गाणारे दहा. खाली ऐकणारे हजार. मंचाजवळ दोरी, दोरीच्या आत सोफे, सोफ्यांवर मान्यवर. त्यामागे खुर्च्या, खुर्च्यांमागे सतरंजी आणि सतरंजीच्या टोकाला, जिथून काही दिसत नाही तिथे, चाळीस वर्षे वारी केलेली म्हातारी. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि नामदेवरायांनी स्वतःसाठी पायरी मागून घेतली. तिथे डोके टेकवून येणाऱ्या आपण आपल्याच गावात, विठ्ठलाच्याच नावाने, दोरी बांधतो. जिथे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात त्या वाळवंटातून आपण काय घेऊन आलो?

ज्याला याची पारख करायची असेल त्याला एक सोपी कसोटी सांगतो. वीज गेली तर काय उरते ते पाहा. कीर्तन चालू असताना वीज गेली तर कुणीतरी कंदील आणतो, बुवा आवाज थोडा चढवतात, टाळकरी दोन पावले पुढे सरकतात आणि श्रोते जवळ येऊन बसतात. पुष्कळदा कीर्तनाला रंग तेव्हाच चढतो. रजनी चालू असताना वीज गेली तर काहीच उरत नाही. मंचावर दहा माणसे अंधारात एकमेकांकडे पाहत उभी राहतात आणि खाली शिट्ट्या सुरू होतात. जी वस्तू तार तुटताच मरते, ती जिवंत होती असे कसे म्हणावे?

आणि आवाजाच्या बळावर माणसे एकत्र येतात हा भ्रम असेल, तर आषाढी वारीत माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला एकदा उभे राहा. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात, आणि सगळा तळ क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, तिचे म्हणणे ऐकून घेतात, मगच पुढचा कार्यक्रम. हरवले-सापडलेही त्या शांततेत सांगितले जाते. इतक्या मोठ्या समुदायाला गप्प करायला एक काठी पुरते, आणि एका दिंडीचे दुखणे ऐकायला सगळा समाज थांबतो. ज्या परंपरेने हे साधले तिला गर्दी जमवायला कर्ण्यांची भिंत लागते, हे ऐकून हसावे की रडावे?

कर्ण्यांचा विषय निघालाच आहे तर कायद्याचेही सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले काही थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तेवढीच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण कायदा बाजूला ठेवा. मंडपाशेजारच्या घरात कुणी आजारी असेल, कुणाचे तान्हे बाळ असेल, कुणाची परीक्षा असेल. सर्वांभूती भगवद्भाव ठेवा असे दिवसा प्रवचनात ऐकायचे आणि रात्री त्याच भूतांच्या कानठळ्या बसवायच्या, हा कुठला धर्म?

नुसती तक्रार करून थांबणे वारकऱ्याला शोभत नाही. म्हणून पुढच्या सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा आपण उठून चार प्रश्न विचारा. जो कोणी गाणार आहे तो अभंग शेवटच्या चरणासह पुरा गाणार का? आपल्या गावचे टाळकरी, आपला पखवाजवादक त्याच्या साथीला असणार का, आणि त्यांचा आवाज ऐकू येणार का? शेजारी बसलेल्याच्या हातातला टाळ ऐकू येईल इतकाच कर्ण्यांचा आवाज ठेवणार का? आणि सत्कार कार्यक्रमाच्या मध्ये न घालता आधी किंवा नंतर उरकणार का? चारही उत्तरे होकारार्थी आली तर खुशाल त्या गायकाला बोलवा, मान द्या, योग्य मानधन द्या. चांगला गायक या अटींवर आनंदाने येईल, कारण त्यालाही शब्द ऐकणारे कान हवे असतात. एकाही प्रश्नावर टाळाटाळ झाली तर ती रात्र कीर्तनाला परत द्या.

आणि वाचलेल्या पैशांतून एक काम करा. गावच्या मंदिरात वर्षभर एक शिक्षक ठेवा. आळंदीहून शिकून आलेला एखादा मुलगा पाहा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो पोरापोरींना टाळ धरायला शिकवील, भजनी ठेका शिकवील, हरिपाठाचे पाठांतर करून घेईल. पोरींनाही, हे मुद्दाम लिहितो. जनाबाई, मुक्ताई, बहिणाबाई ज्या संप्रदायात झाल्या तिथे टाळ फक्त पोरांच्या हातात का? वर्षाने सप्ताह येईल तेव्हा तुमच्याच गावची वीस-पंचवीस लेकरे दोन रांगांत उभी राहतील. त्यांचा सूर कुठे कुठे हलेल. एखाद्याचा टाळ मागेपुढे होईल. पण ती गात असतील. त्यांना पाहायला त्यांचे आईबाप येतील, आणि धृपद आले की तेही तोंड उघडतील.

माउली, देवाने आपल्याला कंठ दिला आणि संतांनी त्या कंठाला शब्द दिले. हे दोन्ही फुकट मिळालेले असताना आपण पैसे मोजून गप्प बसायला जातो, याहून मोठा तोटा कोणता? पुढच्या सप्ताहाला आपण मंडपात जाल तेव्हा कुठे बसायचे हे शोधू नका. टाळ कुठे ठेवले आहेत ते विचारा.

रामकृष्णहरी.